खिडक्या उघडा

लिफ्ट बोलली तेव्हा त्याच्या खांद्यावर पाण्याचा जार होता, त्यामुळे मान वळवून बघायचीही सोय नव्हती. "पाचवा मजला. दार उघडत आहे. कृपया सावकाश उतरा," त्याची बायको त्याच्या कानाशी म्हणाली. दार उघडलं. समोर काचेचं ऑफिस, फोन कानाला लावून नखं निरखणारी रिसेप्शनवरची मुलगी, कोपऱ्यात रिकामे जार. चार इमारतींत असतं तसंच सगळं. तो हलला नाही. "काका, उतरताय ना?" मागून कुणीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अंग चोरून त्याच्या बाजूनं निघून गेलं. "दार बंद होत आहे," ती म्हणाली. 'आहे'पाशी आवाज किंचित खाली आणून थांबायची तिची लकब होती, जिना उतरून शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबावं तशी. ती लकब दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. जार खाली ठेवून तो त्यावरच बसला, आणि कुणीतरी वर बोलावली म्हणून लिफ्ट वर गेली, कुणीतरी खाली बोलावली म्हणून खाली आली, आणि प्रत्येक मजल्यावर ती बोलत राहिली. घरी ती बोलत नव्हती. हो नाही, नको नाही, दुखतंय नाही. घशाच्या डॉक्टरनं टॉर्च मारून सांगितलं होतं की घसा लहान मुलासारखा स्वच्छ आहे. दुसऱ्या डॉक्टरनं त्याला एकट्याला आत बोलावून विचारलं, "घरात काही झालंय का?" "नाही, घरात काही नाही झालं," तो म्हणाला. ते तसं खोटंही नव्हतं. झालं ते रस्त्यावर झालं होतं.

हा आवाज इथं कसा आला हे आठवायला त्याला दोन-चार मजले लागले. ती शहरातल्या मोठ्या दुकानात माइकवर बसायची तेव्हाची गोष्ट. 'निळा सदरा घातलेला लहान मुलगा चौकशीपाशी आहे, त्याच्या आईनं यावं,' असं ती म्हणायची, आणि तो हरवलेला मुलगासुद्धा रडं थांबवून वर छताकडे बघायचा, इतका तो आवाज आपल्या माणसाचा वाटायचा. लिफ्टच्या कंपनीचा कुणी तिथं खरेदीला आला होता, तो ऐकतच राहिला, आणि मग काही दुपारी तिला कुठल्याशा गाद्या लावलेल्या खोलीत बसवून त्यांनी मजले म्हणवून घेतले. ती घरी आली ती हसतच. "आज दिवसभर मी नुसती चढले आणि उतरले," असं म्हणाली. जेवताना ताटं मांडून ती त्याच आवाजात म्हणाली, "जेवण वाढलेलं आहे. कृपया सावकाश बसा," आणि त्यांची मुलगी पाणी पिता पिता इतकी हसली की तिला ठसका लागला. खालच्या मजल्यावरच्या मावशी तेव्हा वर आलेल्या होत्या, त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. मावशी पाळणाघर चालवायच्या. बायको दुकानात आणि तो टेम्पोवर, म्हणून मुलगी वाढली ती मावशींच्याच खोलीत, बाकीच्या पोरांच्या गर्दीत. दुपारी पोरं झोपली की मावशी खिडकी लावायच्या, ती अशी लावायच्या की आवाज म्हणून नाही. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताचं बोट कडीच्या खाली. मुलगी पुढे घरची खिडकीही तशीच लावायला लागली. आपल्याच घरात चोरासारखी काय वावरतेस, असं तो तिला चिडवायचा.

मावशी बाहेरून आलेल्यांपैकी होत्या. म्हणजे त्यांचे आईवडील आले होते. मावशी इथंच जन्मल्या, इथंच त्यांचे केस पांढरे झाले. हे त्याला माहीत होतं, जसं माणसाला शेजाऱ्याचं घर कुठल्या दिशेला आहे हे माहीत असतं, आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते दुकानानं बायकोला घरी बसवल्यावर. तिच्या जागी त्यांनी एक तरुण मुलगी घेतली, तीही बाहेरून आलेल्यांतली, आणि कमी पगारावर खूश असलेली. बायकोनं फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. "चांगला आहे हो तिचा आवाज," ती मावशींना सांगायची. मनाला लागलं ते त्याच्या. तो टायरच्या दुकानाचा माल पोचवायचा. गाडी चालवता चालवता त्याच्या डोक्यात तेच घोळायचं, आणि दुकानात टायरवाला तेच बोलायचा. टायरवाला ओरडून बोलणारा असता तर बरं झालं असतं, त्यानं चार शिव्या घालून विषय सोडला असता. पण तो गोड बोलायचा. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या बाजूला आडवे टाकलेले टायर आणि त्यांवर बसलेली दहा-बारा माणसं: एक गिरणीतून कमी केलेला, एक शिकवणी घेणारा, एक टायरवाल्याचा मेहुणा, आणि तो. "आपण कुणाला वाईट म्हणत नाही," टायरवाला म्हणायचा, "पाहुणे आहेत ते. पाहुण्याला आपण चहा विचारतो. पण पाहुण्यानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला तर?" सगळे हसायचे, आणि हसता हसता त्याच्या छातीत वर्षानुवर्षं अडकलेलं काहीतरी मोकळं व्हायचं. ती मोकळीक त्याला अजून आठवते, हेच वाईट आहे. इतकं बरं त्याला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. पक्षाचं नाव 'आपलं घर' ठेवलं. टायरवाल्याला सगळे मालक म्हणायला लागले. टेम्पोवर दोन कर्णे चढले, आणि आता माइकवर कोण बोलणार असा प्रश्न निघाला तेव्हा कुणी विचारायच्या आधी तोच म्हणाला, "माझ्या बायकोचा आवाज ऐका एकदा."

ती आली, कारण घरी बसून तिला घर खायला उठायचं, आणि कारण त्यानं गळ घातली. पहिल्याच फेरीला उकाडा असूनही सगळ्या गल्लीच्या खिडक्या बंद होत्या, गाडीच्या आवाजानं लोक त्या लावूनच घ्यायचे. "यांना ऐकू कसं जाणार?" ती म्हणाली, आणि दुकानातल्या सवयीनं माइकमध्ये म्हणाली, "मंडळी, खिडक्या उघडा. दोन मिनिटं बोलायचं आहे." आणि खिडक्या उघडल्या. एक, मग तिच्या शेजारची, मग वरची. बायका हात पुसत पुढे आल्या, म्हातारे चष्मे शोधत आले. त्याला तिचा इतका अभिमान वाटला की त्यानं उगाच हॉर्न वाजवला. मालक पुढच्या सीटवर बसला होता. तो उघडलेल्या खिडक्यांकडे बघत नव्हता, न उघडलेल्यांकडे बघत होता. "या कुणाच्या?" त्यानं मेहुण्याला विचारलं. झालं. दुसऱ्या फेरीपासून तो पक्षाचा रिवाजच बनला. गाडी यायची, ती 'खिडक्या उघडा' म्हणायची, घरच्यांनी उघडायच्या, आणि ज्या बंद राहतील त्या पाहुण्यांच्या समजायच्या. मग मागून चालणारी पोरं त्या दारावर थाप मारायची, कुठं कचरा टाकायची, कुठं नुसतीच हसायची. क्लच अर्धा दाबून, पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या चालीनं गाडी चालवायची म्हणजे डाव्या पायाची शिक्षाच. त्याचं सगळं लक्ष त्या पायाकडे असायचं. मागे काय चाललंय ते आरशात दिसायचं, पण आरसा लहान होता, असं तो पुढे मुलीला म्हणाला होता.

बायको मात्र बघत होती. एका संध्याकाळी त्यानं तिला जिन्यात मावशींशी हळू आवाजात बोलताना ऐकलं. "मावशी, गाडी आली ना, की तुम्हीपण उघडत जा खिडकी. माझा आवाज आला की उघडायची. म्हणजे कुणी त्रास देणार नाही." मावशी म्हणाल्या, "अगं, पण पोरं झोपलेली असतात." "असू देत. माझा आवाज आला की उघडायची. एवढं ऐका माझं." त्यालाही बरं वाटलं. आपली बायको हुशार आहे, दोन्हीकडचं सांभाळून घेते, असं वाटलं. मावशी ऐकणाऱ्यांतल्या; त्यानंतर प्रत्येक फेरीला तळमजल्याची खिडकी उघडायची, कडेवर पोर घेऊन मावशी उभ्या राहायच्या, आणि कधीकधी त्या पोराचा हात धरून गाडीला टाटासुद्धा करायच्या. आणि हे काही मावशींनाच सुचवलं गेलं असं नव्हे. हळूहळू सगळ्याच खिडक्या उघडायला लागल्या. पाहुणे काही मूर्ख नव्हते.

मालक त्यामुळे पिसाळला. "आता ओळखायचं कसं?" तो म्हणाला. सभा दुकानातच होती, आता टायर जाऊन खुर्च्या आल्या होत्या. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "आज उलटं करू. घराघरांत निरोप गेलाय. आपल्या माणसांनी आज लावून घ्यायच्या. आपण म्हणायचं, उघडा. उघडतील ते पाहुणे." लोक अक्षरशः मांड्यांवर थापा मारून हसले. तोही हसला असावा. बायको म्हणाली, "आणि उघडल्यावर?" "उघडल्यावर काय, वहिनी, पाहुण्यांचं स्वागत," मेहुणा म्हणाला, आणि परत हशा. बाहेर टेम्पोत बसल्यावर तिनं माइक मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. ते बघणं कसं होतं, हे तो इतके दिवस स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगत आला होता: ती दमली होती, तिला बरं वाटत नव्हतं, ती रस्त्याकडे बघत होती. पण आता या लिफ्टमध्ये, तिचा जुना, कोरा आवाज ऐकत बसलेला असताना त्याला ते सरळ आठवलं. ती त्याच्या एका शब्दाची वाट बघत होती. त्यानं 'उतर' म्हटलं असतं तर ती उतरली असती. मागे मेहुणा होता, पोरं होती, आणि पोरांच्या हातांत काय होतं ते दिसत होतं. त्यानं चावी फिरवली आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय."

पहिल्या दोन गल्ल्यांत ती बोलली. कुठं काच फुटल्याचा आवाज आला की तिचा आवाज तेवढा चिरायचा, पुन्हा जागेवर यायचा. मग त्यांची स्वतःची गल्ली आली. त्याला वाटलं, ती इथं काही बोलणार नाही. तिलाही तसंच वाटत असणार. पण मागून मेहुण्यानं पत्र्यावर थाप मारली, "वहिनी, बोला की!" आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "खिडक्या..." तेवढंच. पुढचा शब्द तिनं दातांखाली धरला. तो तिला ऐकू आला असेल, त्याला आला, पण कर्ण्यातून तो बाहेर पडला नाही. बाहेर पडायची गरजच नव्हती. मावशींना सांगितलेलं होतं, माझा आवाज आला की उघडायची. सगळ्या लावून घेतलेल्या गल्लीत तळमजल्याची ती एक खिडकी उघडली, आणि मावशी पुढे आल्या, आईला यायला उशीर झालेलं कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन. दगड येताना त्यांना दिसला असणार, कारण त्या वळल्या. पोराला काही झालं नाही. मावशींचा डावा डोळा गेला. आणि त्याचा पाय ब्रेककडे गेला नाही; तो क्लचवरच होता, अर्धा दाबलेला, आणि गाडी माणसाच्या चालीनं तशीच पुढे गेली.

त्या दिवसापासून ती बोलली नाही. मुलगी हॉस्पिटलमध्ये मावशींपाशी होती, तिथून आली ती कपडे न्यायलाच आली. आईसमोर थोडा वेळ बसली, तिचे हात हातात घेऊन बघितले आणि परत ठेवून दिले. नंतर पाहुण्यांनी ती गल्ली सोडली, मावशींनीही सोडली, आणि सगळे गोदामांच्या मागे राहायला गेले. मुलगी त्यांच्याबरोबर गेली. पक्षाचं मात्र काही अडलं नाही. त्यांच्याकडे तिचं जुनं रेकॉर्डिंग होतं. निवडणुकीत गल्लोगल्ली तीच बोलली, तीन जण निवडून आले, मालकाच्या गळ्यात इतके हार पडले की त्याचं तोंड दिसेना. आणि गाडी कोण चालवत होता? "आई निदान गप्प तरी झाली," मुलगी त्याला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली. "तुम्ही तर अजून चालवताय, बाबा." पोटासाठी, असं तो म्हणाला. भीती वाटते, असंही म्हणाला असता तर चाललं असतं, तेही खरंच होतं. पण सगळ्यांत खरं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. घरी जिवंत बायको भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, आणि त्या टेम्पोत, त्या घाणेरड्या टेम्पोत, ती दिवसभर त्याच्याशी बोलायची. तिचा आवाज ऐकायला तो गाडी चालवत होता. सभा संपली की लोक उतरायचे, तो टेप बंद करायचा नाही, रिकाम्या मैदानात ती म्हणत राहायची, मंडळी, खिडक्या उघडा, आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकत राहायचा.

मग पक्ष मोडला, आणि तो कसा मोडला हे सांगायलाही लाज वाटावी. निवडून आलेल्या तिघांत टेम्पोच्या पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून जुंपली. मेहुण्यानं 'खरं आपलं घर' काढलं. दोन्ही घरांनी एकमेकांना पाहुणे ठरवलं. तेवढ्यात मोठे पक्ष तेच सगळं बोलायला लागले होते, तेही बऱ्या कपड्यांत आणि सभागृहात, मग टायरच्या दुकानात कोण येतो? मालक एक दिवस त्यातल्याच एका मोठ्या पक्षात गेला, जाताना खुर्च्या घेऊन गेला. टेम्पो विकला, तो टेपसकट, आणि तो ऑफिसांत पाण्याचे जार पोचवायला लागला. ऑफिसच्या जागी आता व्यायामशाळा आहे, तिथं तरणी पोरं आरशात स्वतःचे दंड बघतात. एवढ्यासाठी? असं त्याला वाटायचं. एवढ्याशा, सीटवरून मोडणाऱ्या गोष्टीसाठी? दुनिया उलथून टाकणारं काहीतरी त्यानं डोक्यावर घेतलं असतं तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. त्याला आता काही नको होतं. तिनं एकदा बोलावं, मग काही का बोलेना, शिव्या का घालेना.

म्हणून तो तिला त्या लिफ्टपाशी घेऊन आला. दुपारची वेळ, लिफ्टला गर्दी नसते. "तुला एक गंमत दाखवतो," एवढंच तो म्हणाला, आणि ती आली, कारण ती आता कशालाच नाही म्हणत नसे. आत फायली घेतलेल्या एक बाई होत्या. "पहिला मजला," लिफ्ट म्हणाली, "दार उघडत आहे. कृपया सावकाश उतरा." ती दचकली नाही. तिनं मान वर केली, छताकडे, दुकानातल्या त्या हरवलेल्या मुलासारखी. बाई उतरल्या. ती बटणांच्या वर आवाज यायची जाळी होती तिथं गेली आणि तिच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. त्यानं सगळ्या मजल्यांची बटणं दाबून ठेवली होती. दुसरा, तिसरा, चौथा. दार उघडायचं, समोर कुणी नसायचं, दार बंद व्हायचं. कोण आहे, कुठला आहे, कुणी विचारत नव्हतं. पाचव्या मजल्यावर तिचे ओठ हलले. लिफ्टच्या मागोमाग, अर्ध्या श्वासानं मागे, गंजलेली कडी निघावी तसा आवाज आला, "...उघडत आहे." त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बोल," तो म्हणाला, "बोल ना, आणखी बोल, काहीही बोल." तिनं त्याची बाही धरली आणि खाली जायचं बटण दाबलं.

इमारतीबाहेर ती घराकडे वळली नाही, गोदामांकडे वळली. ती कुठं निघालीय हे त्याला चौथ्या पावलाला कळलं. तिला अडवायला हवं, हेही कळलं. पण ती चालता चालता काहीतरी पुटपुटत होती, घसा साफ करत होती, माइकवर बसायच्या आधी करायची तसा, आणि त्याला तो आवाज पाहिजे होता. पुन्हा एकदा त्याला स्वतःपुरतं काहीतरी पाहिजे होतं, आणि तो गप्प राहून तिच्यामागून चालला.

गोदामांच्या मागची गल्ली अरुंद, घरं बैठी, समोरासमोरच्या खिडक्यांमधून हात लांबवून भांडं देता येईल इतकी जवळ. उकाड्यानं सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आतून कुणाचा रेडिओ, कुणाचं शिलाईमशीन, कुणाचं घोरणं. गल्लीच्या टोकाच्या एका खिडकीत लहान लहान झबली वाळत होती, म्हणजे मावशींनी पुन्हा पाळणाघर सुरू केलं होतं. ती मधोमध उभी राहिली. दोन्ही हात अंगाशी, मान ताठ. आणि तिनं हाक मारली, "मावशी!"

काय आवाज होता तो. इतक्या दिवसांचा गंज एका शब्दात झडून गेला होता. स्वच्छ, भरलेला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा, आपल्या माणसाचा आवाज. त्याच्या अंगावर काटा आला, आनंदानं, हो, आनंदानं. शिलाईमशीन थांबलं. रेडिओ बंद झाला. मग त्यांच्या अगदी जवळची खिडकी धाडकन लागली. मग समोरची. एक म्हातारा खाटेवरून उठताना दिसला, भिंतीचा आधार घेत पळत पळत आला आणि त्यानं कडी घातली. एका बाईनं पोराला छातीशी धरून पाठमोरं होत पायानंच दार लोटलं. एकामागून एक, दोन्ही बाजूंनी, खिडक्या लागत गेल्या. ती बघत होती. तिला आधी कळलंच नाही, मग कळलं.

"चल," तो म्हणाला, "चल, ऐक माझं." त्यानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"मावशी, मी आहे हो," ती म्हणाली. "मी आहे."

ते तर सगळ्या गल्लीलाच कळलं होतं.

टोकाची ती एक खिडकी अजून उघडी होती. झबली बाजूला सरली. आतून हात आला, तो मावशींचा नव्हता. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, लहानपणी चहाचं भांडं ओढून घेतलं होतं त्याचा. त्यानंच तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं होतं. एक हात चौकटीवर आला, दुसऱ्या हाताचं बोट कडीच्या खाली गेलं, आणि आत झोपलेल्या पोरांची झोप मोडू नये म्हणून मुलीनं खिडकी अगदी सावकाश, जराही आवाज न करता, लावून घेतली.